शिगेनोचं होडीचं लायसन

तोराओची संत्र्यांची बाग समोरच्या बेटावर होती, होडीने वीस मिनिटांवर. चाळीस वर्षं सुकाणू त्याच्या हातात आणि बायको शिगेनो पुढे बसलेली. त्या सप्टेंबरात धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून तो घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, वसंतापर्यंत होडीचं नाव काढायचं नाही.

"यंदा रानडुकरांची चंगळ," तो म्हणाला.

"मी आणते की संत्री."

"तू? तुला सायकल धड येत नाही."

ते खरंच होतं. तरी अडुसष्टाव्या वर्षी शिगेनो फेरीबोटीने पलीकडच्या शहरात जाऊन लायसनच्या वर्गात बसली. गाठी तिला चटकन जमल्या. परीक्षेत मात्र, बुडणारा माणूस म्हणून पाण्यात टाकलेला तरंगता बोया उचलायचं सोडून तिने होडी थेट त्याच्यावरूनच नेली.

"माणूस गेला," परीक्षक शांतपणे म्हणाले.

परतताना फेरीबोटीवर शेजारच्या किकुएने विचारलं, "काय वहिनी, झालात का कप्तान?"

"कुठलं गं! एकाला मारून आलेय."

दुसऱ्या खेपेला बोया वाचला आणि लायसन मिळालं.

नोव्हेंबरच्या अखेरीस ती एकटी निघाली. कुबड्या घेऊन धक्क्यावर उभा असलेला तोराओ ओरडून काहीतरी सांगत होता, पण मशीनच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. निदान नंतर ती तसं म्हणाली. खाडीच्या तोंडाशी प्रवाहाने होडी ओढली. पलीकडचा धक्का दोनदा हुकला, तिसऱ्यांदा होडी त्यावर जाऊन आदळली. दोर बांधून ती पायरीवर बसून राहिली. मग तिने कात्री काढली आणि संध्याकाळपर्यंत नऊ क्रेट भरले.

ती परतली तेव्हा तोराओ धक्क्यावरच होता. त्याने आधी होडीची कड पाहिली.

"रंग गेला."

"गेला. तुम्ही जेवलात का?"

"नाही." त्याने दोर ओढून घट्ट केला. मग म्हणाला, "उद्या पश्चिमेचा वारा आहे. ओहोटी लागायच्या आत निघ, आणि धक्क्याला डावीकडून लाग."

तिने मान डोलावली. एवढ्या वर्षांत होडीबद्दल तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

तोडणीला एकोणीस दिवस लागले. उतारावरच्या बागेतल्या सगळ्यात वरच्या टप्प्यावरची संत्री शेवटी रानडुकरांनीच खाल्ली.