सिंधुबाईंच्या तळ्याचा चुकलेला ठिपका

मित्रांनो, तळहातावर मावणारे, कोपरे झिजलेले मी एक जुने जीपीएस यंत्र आहे. आपण उभे असू ती जागा उपग्रहांना विचारून आकड्यांत सांगायची, हे माझे काम. नव्या मोबाइलपुढे मला आता कोणी हिंग लावूनही विचारत नाही. सईताईंनी मात्र मला टाकले नाही. गावरान मासे कुठल्या तळ्यात जगतील हे ठरवायला त्या इंदापूर तालुक्यात मला घेऊन फिरतात. माझा ठिपका संगणकातल्या माती-पाण्याच्या नकाशावर हिरव्या भागात पडला तर तळे योग्य, लाल म्हणजे खाऱ्या भागात पडला तर नको.

वालचंदनगरजवळ सिंधुबाईंचे तळे होते. आम्ही गेलो त्या दिवशी उसाला पाटाचे पाणी सोडलेले, गुडघाभर चिखल. त्यांचा मुलगा इंद्रजित म्हणाला, "मॅडम, कशाला चिखलात उतरताय? हितं शेजारच्या तानूबाईंच्या बांधावरनंच घ्या की. सारखंच हाय."

ताईंनी ऐकले. मी बांधावरचा आकडा दिला. नकाशात तो हिरव्यात पडला आणि मी मनातून चरकले, कारण तो सिंधुबाईंच्या तळ्याचा आकडा नव्हताच.

महिन्याभराने बोटुकल्या आल्या, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले. चांगली दोन हजार! पाण्याची सवय व्हावी म्हणून त्यांच्या पिशव्या तळ्यात तरंगत ठेवल्या. अर्ध्या तासाने तोंडे सोडायची होती. ताईंच्या खिशात माझा जीव टांगणीला लागला. मला ओरडता का येत नाही?

सिंधुबाई काठावर बसल्या होत्या. ताईंनी सहज विचारले, "मावशी, गुरं हेच पाणी पितात ना?"

"न्हाय बाय. मचूळ हाय. तोंड बी लावत न्हाईत."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"नकाशात हिरवं हाय म्हणल्यावर आमी काय बोलायचं? आन तुमी इचारलं कुठं?"

ताईंचा चेहरा उतरला. मला घेऊन त्या थेट पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. नवा ठिपका लाल भागात पडला.

पिशव्या तानूबाईंच्या गोड्या तळ्याकडे निघाल्या. शेवटची सिंधुबाईंनी स्वतः उचलली, तिथे सोडली आणि म्हणाल्या, "जगू द्यात."

मित्रांनो, मला जपा, माझे सेल बदला, पण मला खऱ्या जागेपर्यंत न्या. आणि त्याआधी तिथल्या माणसाला विचारा. तो एक प्रश्न महिनाभर आधी विचारला असता, तर मासे येणार म्हणून सिंधुबाईंनी रोज दोन पाट्या माती काढून तळे मोठे केले नसते.