फेट्यातला भागवत

“ऋतुजा, तोंड गोड कर गं. आमच्या भागवतचा वाढदिवस हाय!”

वाटीभर शिरा घेऊन केवळाबाई शेजारच्या दारात उभ्या होत्या. उदगीरच्या या भावाचं कौतुक अख्ख्या गल्लीला पाठ होतं. त्यात मुलानं पुण्याहून मोबाईल पाठवल्यापासून तर विचारूच नका. अक्षरओळख नव्हती, पण केवळाबाई चित्रांवर निभावून न्यायच्या. चौकटीत फोटो आणि भोवती फुलं आली, की केकचं चित्र दाबायचं. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचा केक सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि त्याची त्यांना भारी ऐट होती.

आज सकाळी फुलांच्या चौकटीत भागवत आला. लेकीच्या लग्नातला गुलाबी फेटा, मिशीतल्या मिशीत हसू. केवळाबाईंनी एक सोडून तीन केक पाठवले.

ऋतुजानं हसतच त्यांचा फोन हातात घेतला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“आजी, तुमचे भाऊ राती गेले. दुपारी अंत्यविधी, माती हाय म्हून लिवलंय.”

“खुळी का काय तू? हसून राहिलाय बघ की!”

ऋतुजानं फोन हळूच त्यांच्या हातात ठेवला. बाहेर ऊन कलत आलं होतं.

पाठचा एकुलता एक भाऊ, कडेवर घेऊन वाढवलेला. त्याचं तोंड शेवटचं पाहायचं राहिलं, या विचारानं केवळाबाईंना रात्रभर डोळा लागला नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं त्या उदगीरला गेल्या.

दारातच भाचा भेटला, बजरंग.

“एक फोन तरी लावायचा व्हता रे, बाळा.”

“ग्रुपवर टाकलं व्हतं की, आत्या. तुमचा केकबी आला.” बजरंगनं मान वळवली. “तुमी बघितलं म्हणल्यावर फोन कशाला लावावं?”

आत दिव्याजवळ बसलेल्या भावजयीनं डोळे वर केले. “वन्सं, त्याईच्या मातीला केक धाडलाव?”

केवळाबाई तिच्यासमोर बसल्या. आपल्याला वाचता येत नाही, हे सांगायलाही त्यांची जीभ रेटेना.

“लई वरसं जगावा म्हून धाडला, बाई,” एवढंच त्या म्हणाल्या.

भावजयीचा बांध फुटला. बजरंग जरा घुटमळला, मग खिशातून फोन काढून त्यानं आत्यापुढं धरला. “पोरांनी फोटो काढलेत. बघा.”

भागवत निजला होता. नाकात कापूस, कपाळाला बुक्का. केवळाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या गालावरून हळूच बोट फिरवलं. बोटासरशी फोटो सरकला आणि पुढचा आला. त्यात नुसती लाकडं पेटली होती.