पाकिटातलं फळ

वनस्पतींच्या संग्रहाच्या इमारतीत तिला सगळे भिंगवाल्या ताई म्हणत. वाळवलेली झाडं भिंगाखाली धरायची आणि जशी दिसतात तशी काळ्या शाईनं कागदावर उतरवायची, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. खोलीत लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, एक टेबल आणि एक दिवा. डबा खायला सोबत कोणी नसे, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून जेवी. घरीही तेच. भाऊ महिन्यातून एकदा फोन करी. हवापाण्याचं बोलून झालं की दोघांनाही पुढचं सुचत नसे.

गुरुवार मात्र तिचा होता. दर गुरुवारी दुपारी ती सरांकडे जाई. सर याच संग्रहातले वनस्पतितज्ज्ञ; निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. चार वर्षांपूर्वी दोघांना डोंगरावर एक निळसर फूल सापडलं होतं, अजून कुणीच न नोंदवलेलं. त्याचं वर्णन सर तोंडी सांगत, ती लिहून घेई, पुन्हा वाचून दाखवी. तुमचे डोळे आणि माझी जीभ, असं सर म्हणत. त्यांची सून चहा ठेवताना म्हणे, "ताई, आठवडाभर हे आमच्याशी दहा शब्द बोलतात. बाकीचे सगळे तुमच्यासाठी शिल्लक ठेवतात बघा."

वर्णन संपत आलं होतं. चित्रात फक्त फळ राहिलं होतं.

त्या शुक्रवारी तिनं नमुन्याच्या कागदावर चिकटवलेलं छोटं पाकीट उघडलं. आतलं सुकलेलं फळ नरम व्हावं म्हणून वाटीभर पाण्यात उकळलं आणि भिंगाखाली घेतलं. फळाच्या बुडाशी फुलाचा हिरवा पेला वाळून तसाच चिकटून राहिला होता. त्यावर लव होती आणि लवेचा एकेक केस चांदणीसारखा फुटलेला होता.

तिनं भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग फुलाचा पेला शेजारी ठेवला. त्याची लव सरळ, सुईसारखी. एकाच झाडाच्या पेल्यांवर अशी दोन तऱ्हांची लव नसते. फळ दुसऱ्याच कुणाचं होतं.

आणि ते पाकिटात तिनंच घातलं होतं. फुलं दाबून झाल्यावर झुडपाच्या बुडाशी, गुंतलेल्या काटक्यांत तिला आदल्या वर्षीचं सुकं फळ दिसलं होतं. त्या काटक्या कुणाच्या, हे न पाहता आनंदाच्या भरात तिनं पाकिटावर फुलांचाच क्रमांक घातला होता. आणि सरांचा सगळा डोलारा त्या फळावर उभा होता. जवळच्या जातीचं फळ चार फाकळ्यांनी उकलतं, हिचं पाचांनी, म्हणून ही नवी.

सरांना कळण्याची सोय नव्हती. छापणाऱ्यांनाही कळलं नसतं; ते झाड पाहिलेली माणसं जगात दोनच, त्यातल्या एकाला दिसत नव्हतं. पण सांगितलं तर? एका सहकाऱ्यानं नमुन्याच्या चिठ्ठीवर जागा चुकीची लिहिली, तर सर त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नव्हते. जिन्यात समोरासमोर आले की जिन्याकडे बघून म्हणत, "आज पायऱ्या फार झाल्यात." इमारतीत अजून त्यावर हसत. तिला या वेळी हसू येईना. गुरुवार गेला तर तिच्याकडे मागे सहा वार उरत होते, आणि त्यांत बोलायला कोणीच नव्हतं.

पाच दिवस तिनं लेखणी हातात घेतली आणि खाली ठेवली.

गुरुवारी खुर्चीत बसल्या बसल्याच ती म्हणाली, "सर, चूक झालीय. माझी. पाकिटातलं फळ आपल्या झाडाचं नाही."

सून कप घेऊन दारात आली होती. तिनं दोघांचे चेहरे पाहिले, "मी मग येते," म्हणाली आणि कपांसकट परत गेली.

"लव पाहिलीत?" सरांनी विचारलं.

"पाचदा. चांदणीची आहे."

सरांची गुडघ्यावरची बोटं हलत होती.

"चार वर्षं मी त्या फळावर इमले बांधतोय, बाई."

"हो."

"मला कळलं नसतं."

"नसतं."

"मग का सांगितलंत?"

"चित्र काढायला बसले आणि हात चालेना. खोटं कुठून सुरू करायचं तेच कळेना."

"मला राग आलाय," सर शांतपणे म्हणाले. "तो इतक्यात जायचा नाही. वाचा."

तिनं वाचलं. फळाचं वाक्य आलं की सर म्हणत, "खोडा." अशी सात वाक्यं गेली. जवळच्या जातीला ते शेजारीण म्हणत. तिच्याशी ताडून पाहायला आता नुसतं फूल उरलं.

"घशातलं लवेचं कडं किती फुलांत पाहिलंत?"

"एकवीस. सगळ्यांत आहे."

"आणि शेजारणीचा घसा?"

"गुळगुळीत. तिचीही तीस पाहिली."

"एवढंसं कडं. लोक नाकं मुरडतील."

"मुरडू देत. ते आहे."

"ते वर घ्या, पहिल्या ओळीत. आणि फळाच्या जागी लिहा, फळ पाहिलेले नाही. तशी मुभा असते. मी आजवर कधी घेतली नव्हती."

निघताना तिनं पिशवी खांद्याला लावली आणि उभीच राहिली. "पुढच्या गुरुवारी येऊ ना, सर?"

"नको."

तिनं मान हलवली. ती त्यांना दिसणार नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"फळं धरायचे दिवस आहेत," सर म्हणाले. "गुरुवारी डोंगरावर जा. या खेपेला देठाला लागलेलं बघा, खाली पडलेलं नको."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"बघू."

गुरुवारी ती पहिल्या बसनं गेली. चढावर दोनदा बसली. झुडूप होतं तिथंच होतं, गुडघ्याएवढं. फुलं गळून गेली होती आणि देठांच्या टोकांना हिरवी, कच्ची फळं धरली होती. उकलायला अजून तीन आठवडे तरी होते. तिनं तीन फळांना पातळ कापडाच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे उकलल्यावर बी उडून जाणार नाही. मग दगडावर बसून वही उघडली.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वारा सोडला तर डोंगरावर कोणी नव्हतं. गुरुवारी दुपारी वाचून दाखवायच्या आवाजात, दर शब्दामागे जरा थांबून, ती बोलू लागली.

"सर, देठ खाली वाकलाय. लांबी आठ मिलिमीटर. लव सरळ आहे, चांदणी नाही."

आपण एकटीच बोलतोय हे तिला मधेच जाणवलं. तिनं पान उलटलं आणि पुढच्या फळाला मोजपट्टी लावली. "दुसरं. हे जरा लहान आहे."