आकडा मराठीत

माझा मुलगा गोल्फ खेळतो असं सांगितलं की लोक विचारतात, "ते ठीक आहे, पण करतो काय?" तीस वर्षं मी भूलतज्ज्ञ म्हणून ब्रिटिश हॉस्पिटलांत माणसं झोपवली, पण हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचं औषध मला सापडलं नाही. नील तेच करतो. जानेवारीत आखातातल्या वाळवंटात त्याचा हंगाम सुरू होतो, मग आफ्रिका, मग बेल्जियम, इटली, ऑस्ट्रिया, आयर्लंड असं करत करत ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर कुडकुडत संपतो. दर आठवड्याला नवं गाव, नवं हॉटेल. बॅग तेवढी जुनी.

मी लंडनजवळ मेडनहेडला असतो. चार बेडरूम आणि एक माणूस. अनुराधा, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेली. आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. मी फक्त नको तेव्हा बोलायचो.

नील इथेच जन्मला, इथेच वाढला. अनुराधा दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची आणि त्या वर्गातला सर्वांत ढ विद्यार्थी आमच्याच घरातून यायचा. आकड्यांशी तर त्याचं उभं वैर. एकोणसत्तर कुठला आणि एकोणऐंशी कुठला, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आता गोल्फच्या एका फेरीला बहात्तरच्या आसपास फटके लागतात आणि जितके कमी तितकं चांगलं. एकोणसत्तर म्हणजे झकास दिवस. एकोणऐंशी म्हणजे वाटोळं. पोरगा नेमका ज्या दोन आकड्यांत गोंधळतो, त्यांच्याच मध्ये त्याचं पोट अडकलेलं.

अनुराधाने त्याला एक नियम घालून दिला होता. फेरी संपली की घरी फोन करायचा. बाकी काय बोलायचं ते इंग्लिशमध्ये बोल, पण आकडा मराठीत सांगायचा. आणि स्वतःसाठीही नियम होता: फोनवर स्कोअर आधी बघायचा नाही. "त्याच्या तोंडून ऐकेन," म्हणायची. मग तो मोठ्या ऐटीत सांगायचा, "आई, एकोणऐंशी!" तिच्या काळजात क्षणभर धस्स व्हायचं आणि मग ती हसायची. "एकोणसत्तर रे, गाढवा!" मग पुन्हा तोच धडा. "एकोण म्हणजे पुढच्या दहाला एक कमी. तुझ्या भाषेत सांगते. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला वन अंडर." वन अंडर, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी, त्यांच्या खेळात ही शाबासकी असते. तो हो हो म्हणायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चुकायचा. मी वर्तमानपत्रामागे बसून सगळं ऐकायचो आणि ऐकत नसल्याचं दाखवायचो.

ती गेल्यावर त्याने मला फोन करून पाहिला. नैरोबीहून. "बाबा, आकडा सांगू?" मी म्हणालो, "पाहिला मी. बाराव्या होलला बॉल पाण्यात का घातलास?" मग तो म्हणाला, "वारा होता, बाबा." आणखी दोनदा असंच झालं. मग फोन बंद झाले आणि दोन शब्दांचे मेसेज यायला लागले. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी त्याला जाब विचारला, तर म्हणतो, "तुम्हाला ऑलरेडी माहीत असतं ना बाबा. मी काय सांगू?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एकतीस वर्षांचा झालास. इंजिनिअरिंगची डिग्री आहे. किती दिवस चालणार आहे हा खेळ?" असं मी बोलून गेलो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

यंदाचा अख्खा हंगाम मी फोनकडे बघून काढला. तो इटलीत चिखल तुडवतोय आणि मी सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकतोय. त्याचा प्रत्येक फटका मला ठाऊक होता. त्याला सर्दी झाली आहे का, एवढंच ठाऊक नसायचं.

ऑक्टोबर उजाडला तेव्हा तो वर्षाच्या यादीत हव्या त्या क्रमांकाच्या चार जागा खाली होता. यादीत ठरावीक क्रमांकाच्या आत राहिलात तर पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड मिळतं, नाहीतर सामान उचला. स्कॉटलंडची स्पर्धा ही त्याची शेवटची संधी. तिथेही दोन दिवस खेळून झाले की शुक्रवारी संध्याकाळी कट असतो. दीडशे खेळाडूंतले निम्मे घरी जातात, उरलेले शनिवार-रविवार खेळतात. मराठीत कट म्हणजे कारस्थान, आणि मला तो दर शुक्रवारी तसाच वाटत आलाय. नीलने कट पार केला तर कार्ड वाचण्याची आशा होती. नाही केला तर संपलं.

गुरुवारी त्याने सत्तर मारले. ठाकठीक. त्या संध्याकाळी मी तासभर विचार करून त्याला मेसेज लिहिला. त्याला देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून इंग्लिशमध्ये. उद्या मी स्कोअर बघणार नाही. तू फोन करून सांग. आकडा मराठीत. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

शुक्रवारी सकाळी फोनमधून स्कोअर दाखवणारं ॲपच काढून टाकलं. मग दिवस खायला उठला. अंगणातली पानं गोळा केली, वाऱ्याने ती पुन्हा पसरली, पुन्हा गोळा केली. पोहे केले, त्यांत मीठ दोनदा पडलं. भेंडी आणायच्या निमित्ताने गाडी काढून वेम्बलीला गेलो, तर दुकानदाराने गल्ल्यामागे टीव्ही लावलेला आणि टीव्हीवर हिरवंगार काहीतरी. क्रिकेट होतं की गोल्फ, देव जाणे. मी भेंडीची पिशवी तिथेच ठेवून बाहेर पडलो. दुकानदाराला वाटलं असेल, म्हाताऱ्याला भोवळ आली.

घरी आलो तर नंदूचे तीन मिस्ड कॉल. नंदू माझा एजवेअरचा मित्र. नीलच्या स्पर्धा तो माझ्याइतक्याच निष्ठेने बघतो. मी उलट फोन केला नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. पण माझं मन तेवढ्यावरच उड्या मारायला लागलं. नंदू वाईट बातमी द्यायला कधीच फोन करत नाही. अनुराधा गेली त्या दिवशीसुद्धा नंदू मागे उभा राहिला होता आणि सगळ्यांना कळवायचे फोन त्याच्या बायकोने, शिल्पाने केले होते. आणि आज तीन कॉल, तिन्ही नंदूचे!

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. स्क्रीनवर नील.

"बाबा, बिझी आहात?"

"नाही. बोल."

मागे वारा घोंघावत होता, कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते. त्याने एक श्वास घेतला.

"एकोणऐंशी."

"एकोणसत्तर रे, गाढवा!" मी ओरडलोच. शब्द तिचे होते, माझ्या तोंडून आले. मी उठून उभा राहिलो, किचनभर फिरायला लागलो. "सत्तर आणि एकोणसत्तर! अरे, वाचलं की कार्ड! आज सकाळपासून देव पाण्यात घालून बसलोय मी. भेंडीसुद्धा दुकानात सोडून आलो. तुझी आई असती ना आज... इतक्या वर्षांत तुला तो आकडा आला नाही तो नाहीच!" मी हसत होतो. त्या घरात दोन वर्षांत इतक्या मोठ्याने कुणी हसलं नव्हतं. त्याने मला मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं सगळं बोलून झाल्यावरच तो म्हणाला, "बाबा."

"हं?"

"नाही बाबा. या वेळी बरोबर आहे. सात, नऊ. आय चेक्ड."

मी चालता चालता थांबलो. म्हणजे नंदूने या वेळी वाईट बातमी द्यायलाच फोन केले होते. तोच पुढे बोलायला लागला.

"मी प्रॅक्टिस केला, यू नो. अख्खी सीझन. रोज हॉटेलच्या रूममध्ये. आईचा ट्रिक वापरून, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे. राउंड झाला की आकडा मोठ्याने म्हणायचो. वॉर्डरोबला, बेसिकली. फोन करायला कोणी नव्हता ना. आता कधीच चुकत नाही मी. सॉरी बाबा. तुम्ही इतके खूश झालात."

माझ्या जिभेवर प्रश्न तयार होता. काय झालं? कुठल्या होलला? ऑपरेशन थिएटरमध्ये काही बिघडलं की आधी हेच विचारायची मला सवय आहे. मी खुर्चीत बसलो आणि तो प्रश्न गिळला. अनुराधा काय म्हणाली असती? खरोखरच एकोणऐंशी झाले असतील, तेव्हा ती त्याला काय म्हणायची? पुष्कळ आठवून पाहिलं. आठवेना. अशा दिवशी मी बहुतेक वर्तमानपत्र टाकून खोलीबाहेर निघून गेलेलो असायचो.

"ऐंशीला वन अंडर," मी म्हणालो.

पलीकडून एक आवाज आला. कुणालाही तो हसल्यासारखा वाटला असता. पण लोकांचे श्वास ऐकणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. माझा मुलगा रडत होता. मी त्याला रडू दिलं, आणि माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने नाक ओढलं. "कार्ड गेलं, बाबा."

"गेलं."

"मी घरी येऊ?"

त्याने हे विचारावं, इतकं मी त्याला परकं केलं होतं. "हे विचारायचं असतं का?" मी म्हणालो. "उद्याच ये. तुझ्या खोलीत मी इस्त्रीचं टेबल ठेवलंय, ते काढतो."

"ओके." मग म्हणाला, "उद्या राउंड नाही. म्हणजे आकडा पण नाही. संध्याकाळी फोनवर काय सांगायचा असतो मग?"

"मेडनहेडला ट्रेन किती वाजता येते ते सांग," मी म्हणालो. "आणि आत्ताच सांग. मराठीत."

तो फोनवर काहीतरी शोधत होता. वाऱ्यात त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. तो दहा, वीस, तीस अशा पायऱ्या चढत होता.

"चार वाजून एकोणसाठ," तो म्हणाला. "साठला वन अंडर."

मी फ्रिजवरच्या कागदावर चार एकोणसाठ लिहिलं. वेळापत्रक माझ्याही फोनवर होतं, बोट लावायचा अवकाश. मी काही ते उघडलं नाही. शनिवारी पावणेपाचलाच स्टेशनवर जाऊन उभा राहिलो.