प्रमाणपत्र असलेली धमनी

मित्रांनो, मी एक जुनी धमनी आहे. उभ्या पिंपरी-चिंचवडमध्ये 'निर्दोष' असं लेखी प्रमाणपत्र मिळालेली धमनी एकटी मीच. तुमच्या अंगात धमन्या पुष्कळ असतील, पण त्यांच्याकडे कागद नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. मी कुणाच्याच अंगात नाही. मी पाऊण मीटर लांबीची रबरी नळी आहे, आणि माझं हृदय म्हणजे पाण्याचा एक पंप. भोसरीतली वीज गेली की ते बंद पडतं.

माझा जन्म भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका रबराच्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या नळ्या ट्रकच्या इंजिनांत गेल्या. मला मात्र दोन गाळे सोडून पलीकडच्या कंपनीत नेलं. ती कंपनी धमन्यांचा ताठरपणा मोजण्याचं यंत्र बनवते. वयानं, मिठानं, तंबाखूनं माणसाच्या धमन्या कडक होत जातात आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. हे यंत्र सुई न टोचता तो लावतं. एक सेन्सर मानेवर टेकवायचा, एक पट्टा मांडीला बांधायचा. हृदयाचा ठोका या टोकाकडून त्या टोकाकडे किती वेगानं पोचला, ते यंत्र सांगतं. धमनी मऊ असेल तर ठोका रमतगमत जातो, कडक असेल तर सुसाट सुटतो. आकडा दहाच्या आत आला की ठीक, वर गेला की डॉक्टरांकडे.

पण यंत्र खरं बोलतं की नाही, हे कोण सांगणार? माणसाच्या धमनीत उतरून पाहायचं तर सुई लागते, इस्पितळ लागतं, सह्या लागतात. मला काहीच लागत नव्हतं. एका प्रयोगशाळेत माझा आकडा मोजला, तो सात आला, आणि तसं प्रमाणपत्र मिळालं. तेव्हापासून नियम ठरला. जे यंत्र माझ्यावर सात दाखवेल, ते खरं.

मला टेबलावर बसवलं रंगरावांनी. उदगीरकडचे, पंचवीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, हाताचे पक्के फिटर. बसवण्याआधी त्यांनी मला खुंटीला टांगलं आणि खाली एक किलोचं वजन अडकवलं. मी वीस मिलिमीटर ताणले गेले. त्यांनी तो आकडा रजिस्टरात लिहिला. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"हे कशाला, रंगराव?" मृदुलामॅडमनी विचारलं. त्या विभागातल्या इंजिनिअर.

"भरतीच्या दिवशी आमचंबी वजन घेतलंच की वो, मॅडम. हिचं का नको?"

विभागप्रमुख सलिलसरांनी माझं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये घालून टेबलामागच्या भिंतीवर लावलं. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते. तेव्हा मला हळदकुंकू लागे आणि फ्रेमला झेंडूचा हार पडे. पाहुणे आले की सर फ्रेम दाखवत. मीही तिथंच, दोन हात खाली, पाण्यानं भरलेली असे. माझ्याकडे कुणी पाहत नसे, आणि तेव्हा त्याचं मला वाईटही वाटत नसे. दिवसाला आठ तास ठोके सोसायचे, एवढंच माझं काम. अशा तीन खंडेनवम्या झाल्या.

मित्रांनो, रबर म्हातारं होतं. दुपारी खिडकीतून ऊन यायचं ते नेमकं माझ्या पाठीवर. मी कडक होत होते. मला ते कळत होतं, पण माझ्या बोलण्याची त्या विभागात सोय नव्हती.

यंदा चाळीस यंत्रं दवाखान्यांत जायला तयार झाली. पाठवणीपूर्वी एकेक करून माझ्यावर तपासली. पहिल्यानं नऊ दाखवले. दुसऱ्यानं नऊ. चाळिसाव्यानंही नऊ. भोसरीत चाळीस जणांचं एकमत सहसा होत नाही, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

"चाळीसच्या चाळीस चुकीची," सलिलसर म्हणाले.

त्याआधी दोन दिवस रंगरावांनी त्यातलं एक यंत्र सहज स्वतःला लावून पाहिलं होतं. आकडा आला अकरा पॉइंट सात. ते घरी सांगितल्यावर त्यांच्या पत्नीनं, रुक्मिणीबाईंनी, डब्यातलं लिंबाचं लोणचं बंद केलं होतं आणि शनिवारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं होतं.

"रंगराव, काळजी सोडा," सर म्हणाले. "यंत्र सातचे नऊ सांगतंय. त्या हिशेबानं तुमचे अकरा पॉइंट सात म्हणजे नऊ पॉइंट एक. नॉर्मल आहात तुम्ही."

मग प्रत्येक यंत्राला शिकवण्यात आलं, की तुला जे दिसेल त्याचे नऊ भाग कर आणि त्यातले सात सांग. यंत्रं ऐकणारी होती. सगळी सात म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी डब्यात लोणचं आलं. जेवणाआधी रंगरावांनी मला साफ करायला, बसवल्यानंतर पहिल्यांदाच, टेबलावरून सोडवलं, आणि सवयीनं बोटांत दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. मग त्यांची दोन बोटं सावकाश स्वतःच्या मानेकडे गेली.

तेवढ्यात रुक्मिणीबाईंचा फोन आला. हात ओले, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"डबा खाल्लाव का? लोणचं दिलंय आज."

"खातो की."

"आवाज का असा पडलाय?"

"नळी कडक झालीय गं. हात लागला आत्ता."

"मग बदला. त्यात सुतक कसलं?"

"तसं न्हाई. नळीच कडक असंल, तर यंत्र खरं बोललं. माझंबी खरंच बोललं."

पलीकडून कुकरची एक शिट्टी ऐकू आली.

"न्हाई सांगितलं तर मी ठणठणीत हाय," रंगराव म्हणाले. "सरांनीच सांगितलंय."

"अन् ती चाळीस यंत्रं? तुमच्यासारख्या किती जणांला ठणठणीत सांगतील वो ती?"

रंगरावांनी ओले हात फडक्याला पुसले.

"सांगा जाऊन," बाई म्हणाल्या. "लोणचं काय, बरणीत टिकतंय."

रंगराव मला हातात घेऊन सरांकडे गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फ्रेमकडे बोट केलं.

"तिथं सात लिहिलंय, रंगराव."

"ते ही नवी होती तवाचं, सर."

"मग तुमच्या बोटांचं प्रमाणपत्र आणलंय का?"

रंगरावांच्या बोटांचं प्रमाणपत्र नव्हतं. पण मृदुलामॅडमना ते रजिस्टर आठवलं. त्यांनी ते फडताळातून काढलं, मला त्याच खुंटीला टांगलं आणि तेच एक किलोचं वजन लावलं. तीन वर्षांपूर्वी वीस मिलिमीटर ताणली गेलेली मी आता बारावर थांबले. सरांनी दुसरी मोजपट्टी आणली. बारा. तिसरी आणली. तिच्यावरही बारा.

"म्हणजे यंत्रं बरोबर होती," सर म्हणाले.

"हो, सर." मॅडमचा आवाज खाली आला. "सगळे आकडे."

त्यानंतर थोडा वेळ सगळे पट्टीकडे पाहत राहिले, कारण रंगरावांकडे पाहायचं नव्हतं. रंगरावांनी वजन काढलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं.

"शनिवारी सुट्टी लागंल, सर. डॉक्टरकडं जायचंय."

"घ्या," सर म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही, तेवढं बरं केलं.

शिकवलेलं सगळं यंत्रांकडून विसरवून घेतलं आणि ती पाठवली. डॉक्टरांनी रंगरावांना रोजची गोळी सुरू केली. अजून वेळ गेलेली नाही, असं ते म्हणाले. रंगराव आता एक थांबा आधी उतरून चालत येतात. डब्यात लोणचं नसतं. त्याबद्दल ते बोलत नाहीत, पण झाकण उघडल्यावर क्षणभर बघतात.

मला खुंटीवरून काढायचं राहून गेलं, म्हणून मी अजून इथेच आहे आणि इथून सगळं दिसतं. कडक झाल्याचं मला दुःख नाही. माझ्यामुळे एक भला माणूस एक दिवस खोटाच निरोगी ठरला, त्याचं आहे. मित्रांनो, एक विनंती. ज्या वस्तूनं तुम्ही बाकी सगळ्यांना मोजता, तिला अधूनमधून हात लावून बघत जा. तिच्या फ्रेमला नव्हे, तिला.

परवा सरांनी माझी फ्रेम उघडली. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं, 'दर बारा महिन्यांनी नळी बदलावी.' तीन वर्षं ती बाजू भिंतीकडे होती. सरांनी ते वाक्य सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे गंभीर झाले.

आज नवी नळी आली. तिच्या प्रमाणपत्राच्या मागेही तेच वाक्य आहे. ते दुपारी त्याच फ्रेममध्ये बसवून त्याच खिळ्याला लावलं.