कपाटावरचा बैल

आमच्या घरी एक सागवानी बैल हाये अन् एक माणूस हाये. जास्त अडेल कोणता, हे मले अजून समजलं नाई.

माणूस म्हंजे आमचे हे, रामराव. राजापेठेत आमचं फुलायचं दुकान. बैल ह्यायनं लेकीसाठी, अपेक्षासाठी, स्वतःच्या हातानं कोरला होता. तान्ह्या पोयाले, म्हंजे पोयाच्या दुसऱ्या दिवशी, पोट्टे लाकडी बैल ओढत देवयात नेतात, मंग माया पोरीनं काहून नेऊ नये म्हणून! एक शिंग आखूड झालं, पण चाकं अशी की नुसती दोरी हालवली का पयतात.

अपेक्षा आता जर्मनीत जुन्या लाकडी मूर्त्या जपून ठेवाचं काम शिकून राहिली. दोन पोये झाले, आली नाई, म्हणून बाप रुसला. फोनवर बोलणं बंद अन् बैल कपाटावर. आमची नात, पोराची लेक ओवी, तोच बैल मागे, तं एकच उत्तर: "तो अपेक्षाचा हाये. अपेक्षा आली का उतरन." बजारातून नवा आणला, तं पोरीनं त्याच्याकडं पाह्यलं सुद्धा नाई. आजाचीच नात, बाप्पा! सुंभ जयला तरी पीय जात नाई.

यंदा तान्ह्या पोयाच्या दुपारी ओवी रडून रडून सुजली होती, अन् अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन सरळ ह्यायच्या नाकासमोर धरला.

"बाबा, बोलू नका. फक्त पाहा," अपेक्षा म्हणाली.

पाह्यतो तं काय, लाकडाचं गाढव! त्याच्यावर लाकडाचाच येशू, हात वर करून बसलेला. पायाची बोटं सुद्धा कोरलेली. खाली फयी, अन् फयीले चार चाकं!

"पाचशे वर्षांचं हाये, बाबा. इकडं येशूच्या सणाले सारं गाव हे ओढत मिरवणूक काढे. मी ह्याची धूळ झटकते अन् मले आपला बैल आठवते."

ह्यायनं चष्मा लावला अन् फोन माया हातातून हिसकला. "कान पाह्य कसा पातळ काढला! जवळ ने. चाकं दाखव... अन् आता कवा ओढतात?"

"आता नाई ओढत, बाबा. हात लावाले मनाई हाये."

"लेकरायलेई?"

"लेकरायलेई."

ह्यायनं कपाटाकडं पाह्यलं. मंग हयूच म्हणाले, "बिचारं. चाकं असून उभं."

ओवी दारात नाक पुसत उभी होती. मी चकार शब्द बोलली नाई. बोलली असती तं पुन्हा अडून बसले असते. ह्यायनं स्टूल ओढला, बैल खाली उतरवला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. चाकायले खोबरेल तेल लावलं अन् दोरी ओवीच्या हातात देल्ली. पोरगी जे सुसाट निघाली, ते चाकायचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

फोनमधी अपेक्षा रडून राहिली होती.

"रडते काहून व?" बाप खेकसला. "बैल तुयाच हाये. जरा पाय मोकये कराले गेला."