करकरणारं पेडल

शनिवारी दुपारी डेल्फीनच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन मावश्या आल्या होत्या, शेजारीण मॅकरोनीचं भांडं घेऊन हजर होती. सॅगिनॉ गावच्या रेडिओवर 'द हेअरपिन्स'चं गाणं पहिल्यांदा लागणार होतं. हा चार पोरींचा बँड, त्यातली ड्रमवाली डेल्फीन. १९६६ साल उजाडलं तरी पोरीने ड्रम बडवले की लोक नाकं मुरडायचे. डॅडींनी मात्र लेकीच्या बँडच्या सरावासाठी गॅरेज रिकामं करून दिलं आणि स्वतःची गाडी दोन हिवाळे बर्फात उभी ठेवली. सकाळी काच खरवडताना ते शिव्या घालायचे, पण गाडी आत घ्यायचं नाव काढत नसत.

डेल्फीनच्या मोठ्या ड्रमचं पेडल पाय मारला की करकरायचं. डॅडी तेल घेऊन आले की मार्लिस आडवी यायची. ती बँडची गायिका, आणि डेल्फीनची पहिलीपासूनची जिवाभावाची मैत्रीण.

"तेल नका घालू हं. ती करकर ऐकली की कळतं, मागे आमची डेल्फी बसलीय."

आजही मार्लिस ताटली घेऊन डेल्फीनच्या शेजारी बसली होती. गाणं सुरू झालं. मधे सगळे थांबतात आणि एकटा ड्रम वाजतो, तिथे करकर ऐकू यायलाच हवी होती. आली नाही. हात मोठा सफाईदार होता, पण डेल्फीनचा नव्हता.

"बघा, तेल न घालता कसं गप्प बसलं!" डॅडी टाळ्या वाजवत म्हणाले. एका मावशीने डेल्फीनचा मुका घेतला. मार्लिस ताटलीतल्या मॅकरोनीकडे बघत राहिली.

डेल्फीनने तिला दंडाला धरून गॅरेजमध्ये नेलं.

"कोण वाजवतंय?"

"डेट्रॉइटचा कुणी भाड्याचा माणूस. आपलं रेकॉर्डिंग झाल्यावर रेकॉर्डवाल्यांनी मला एकटीला पुन्हा गायला बोलावलं ना, तेव्हा. ते म्हणाले, मुलींच्या पायात जोर नसतो."

"आणि तू काय म्हणालीस?"

मार्लिस बुटाचं टोक जमिनीवर घासत राहिली. "मी गायले. अगं, नाव तर आपलंच आहे ना रेकॉर्डवर?"

"मी गावभर सांगत सुटले, मी वाजवलंय म्हणून. तू शेजारी उभी राहून मान डोलवत होतीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या परक्या लोकांचा डेल्फीनला एवढा राग आला नाही, त्यांना काय ठाऊक होतं? पण तिच्या पायातला जोर मार्लिसने रोज पाहिला होता.

डेल्फीन एकेक ड्रम भिंतीकडे सरकवू लागली. मार्लिसला वाटलं, राग निवळला, आता सराव होणार. तिने कोपऱ्यातली आपली गिटार गळ्यात अडकवली. डेल्फीनने गॅरेजचा दरवाजा वर उचलला आणि घराकडे हाक मारली.

"डॅडी, गाडी आत घ्या."

डॅडी किल्ली घेऊन हसत हसत आले. लेकीचं तोंड बघितल्यावर त्यांनी जाऊन गाडी चालू केली. गाडी हळूहळू आत आली, आणि मार्लिसला गिटार उराशी धरून बाहेर बर्फात जावं लागलं.